थांबाशास्त्री

आमच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघर आणि शवागाराच्या मधल्या खोलीत थांबाशास्त्री बसतात. पदवीने पॅथॉलॉजिस्ट, हे नाव मात्र वरच्या ऑपरेशन थिएटरने ठेवलेलं. रिपोर्ट मागायला कुणीही येवो, यांचा पहिला शब्द 'थांबा'.

शिकताना त्यांनी एकदाच घाई केली. एका गाठीला बेधडक कॅन्सर म्हणाले आणि ती निघाली साधी. मॅडमनी भर वर्गात विचारलं, "दिसलं की वाटलं?"

"वाटलं."

"मग ज्योतिषी व्हा. तिथे वाटलेलं चालतं!"

तो टोला हाडात मुरला. त्यात नशीब असं खट्याळ की मुख्य सर्जन त्यांचेच साडू. सासूबाईंच्या लेखी थोरला जावई माणसं वाचवतो आणि धाकटा काचेवर डाग पाडतो.

परवा सर्जनसाहेबांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या उजव्या मनगटातली गाठ उघडली. कॅन्सर असेल तर पंजा काढायचा, तशी तिची सहीही घेतलेली. गाठीचा तुकडा खाली आला, गोठवून त्याचा पातळ काप भिंगाखाली गेला, तोच फोन वाजला.

"बोला साडूभाऊ, कापू?"

"थांबा."

"अहो, बाई भुलीत पडलीय! पेशी वेड्यावाकड्या आहेत की नाहीत?"

"आहेत. पण साध्या गाठीतही अशा दिसतात. नीट तपासायला चार दिवस लागतील. शिवून टाका."

"चार दिवस काय अंडी उबवणार?"

"कापलेला पंजा तुम्हाला परत चिकटवता येतो का?"

पलीकडे फोन आदळला.

घरी बायकोने तोंड फिरवलं. "तुमच्यापायी ताईशी बोलायची सोय उरली नाही!"

पाचव्या दिवशी रिपोर्ट गेला: कॅन्सर नाही. सर्जनसाहेब वॉर्डात म्हणाले, "मला शंका होतीच."

ती बाई मात्र तडक तळमजल्यावर आली.

"तुम्हीच ना ते? चार दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या! एवढं शिकून एक गाठ ओळखता येईना?"

पट्टी बांधलेल्या हाताचं बोट त्यांच्या नाकासमोर नाचत होतं. मग पाचही बोटं नाचू लागली. थांबाशास्त्री त्या बोटांकडे एकटक, खुशीत बघत राहिले. बाई आणखीच भडकली.

"हसताय काय?"

"करंगळीसुद्धा हलतेय," ते म्हणाले.