पहिले बसा, काकी

कुणाशीही बोलायला बसण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. मग समोरच्याकडे बघून हलकेच म्हणायचा, "पहिले बसा." मला म्हणताना पुढे "काकी" लावायचा. तुम्हीआम्ही माणसं न्याहाळत बसणारे लोक, अशी लकब आपल्या नजरेतून सुटत नाही. मला आधी वाटलं, घड्याळ महागाचं असेल, जपतो. चौथ्यांदा पाहिल्यावर राहवेना, विचारलंच. म्हणाला, "समोरच्याला वाटू नये की मला कुठं जायचंय."

तो धारच्या कॉलेजात आम्हांला समाजशास्त्र शिकवायचा. आम्हांला म्हणजे एकोणीस पोरापोरींना आणि मला. मी तेव्हा तरुण होते, अठ्ठावन्न वर्षांची. हसू नका. आज सत्तरीच्या जवळ पोचल्यावर ती बाई मला अगदी अल्लड वाटते. नवऱ्याच्या माघारी घरात करमेना म्हणून तिने एम.ए.ला नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी माहेश्वरी नेसून पहिल्या बाकावर जाऊन बसली. चष्म्याला सोनेरी साखळी. समाज म्हणजे काय हे मला शिकवणारा कोण जन्मलाय, असा चेहरा.

शिकवणारा पस्तिशीचा, सडपातळ, इस्त्री मोडलेल्या शर्टातला. हुद्दा मात्र भारदस्त, अतिथी विद्वान. म्हणजे नेमणूक सत्रापुरती, आणि कायमचा प्राध्यापक बदली होऊन आला की विद्वानांनी उठायचं. पाहुण्याला असं घालवतात का कुठं? पण सरकारी पाहुणचार तसाच असतो.

त्याचं आडनाव ऐकताच मी भर वर्गात विचारलं, "देवासचे का रे तुम्ही?" माझं माहेर देवासचं. तो हो म्हणाला. आजोबा दरबारचे तंबू शिवायचे. मी खूश. "अरे, म्हणजे आमच्या घरी येणारेच की!"

"हो काकी," तो हसून म्हणाला. "मागच्या दाराने."

मग फळ्याकडे वळून त्याने त्या दिवशीचा विषय लिहिला, 'सामाजिक अंतर'. मी तो वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या. तो माझ्याबद्दल आहे हे कळायला मला आणखी पाच महिने लागले.

त्याचा एक नियम होता. गावात पाहणीला गेलं की लोक आपल्याला तीन प्रश्न विचारत नाहीत तोवर आपण एकही विचारायचा नाही. नुसतं बसायचं. पोरं कुरकुरायची, "सर, ऐसे तो शाम हो जाएगी." तो म्हणायचा, "होने दो, भिया. शाम कोणाचं काय बिघडवते?"

त्या वर्षी आम्हांला निसरपूरला नेलं. धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं होतं आणि लोक वरच्या वसाहतीत राहत होते. प्रत्येकाने पंचवीस फॉर्म भरायचे होते. कॉलेजात तपासणी समिती येणार होती, प्राचार्यांना जाडजूड अहवाल हवा होता. अहवाल चांगला झाला तर पुढच्या सत्रात सरांची जागा टिकेल, असं ऑफिसातले बाबू बोलायचे. त्याने मुलीला नुकतंच धारच्या शाळेत घातलं होतं. तिचा नवा गणवेश त्याने आम्हांला मोबाइलवर दाखवला होता, वर्गात, शिकवणं थांबवून.

मी एका म्हातारीच्या खाटेच्या कडेला बसले. तिने विचारलं, कुठून आलीस. पहिला प्रश्न. मग कितीतरी वेळ काही नाही. वाऱ्यावर तिच्या लुगड्याचा पदर हलत होता. खाली पाणी नुसतं पडून होतं, इतकं स्वस्थ की त्याच्या पोटात एक अख्खा बाजार आहे, गल्ल्या आहेत, हे पटेना. बघता बघता पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेनासं झालं. मला वाटलं, खाली अजून कुणी दुकान उघडतंय, कुणी दारात पाणी शिंपडतंय. मुलं किती, म्हातारीचा दुसरा प्रश्न कुठून तरी लांबून आला. मी दोन म्हटलं. मग बहुधा माझा डोळा लागला. जागी झाले तर ऊन उतरलेलं आणि म्हातारी माझ्याकडेच बघत होती.

"तुम्हारा गाँव है अभी?" तिने विचारलं.

"है ना, देवास," मी टेचात म्हणाले. "बडा शहर है." आणि पिशवीतून फॉर्म काढला.

दिवसभरात माझे तीन फॉर्म झाले. उरलेले बावीस मी घरी दोन दुपारींत भरून टाकले. काय अवघड आहे? बायकांची मनं मला ठाऊक. निळं पेन, काळं पेन, कुठं अक्षर डावीकडे झुकवलेलं, कुठं मुद्दाम शाई सांडलेली. बावीस नावं तर अशी छान सुचली की स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्याने सगळे फॉर्म वाचले. म्हणजे खरोखर वाचले, असं कुणी करतं का? विभागाच्या खोलीत मला बोलावलं. घड्याळ खिशात गेलं.

"काकी, निसरपूरला टेकडी कुठंय?"

त्याने एकेक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'जुन्या घरातलं काय आठवतं' या प्रश्नाखाली माझ्या बावीस बायकांनी बावीस तऱ्हांनी एकच गोष्ट लिहिली होती. न्हाऊन आल्यावर गच्चीच्या पायरीवर केस वाळवत बसणं आणि तिथून दिसणारे टेकडीवरचे दिवे. ती पायरी माझ्या माहेरची होती. भावाने घर विकलं, आता तिथं मोटारसायकलींचं शोरूम आहे. हे मी तोवर कुणाजवळ बोलले नव्हते, आणि लिहिताना मला कळलंही नव्हतं.

त्याने ते बावीस फॉर्म सुतळीने बांधून माझ्या हातात दिले. "हे खरं आहे, काकी. निसरपूरचं नाही, एवढंच."

मी म्हटलं, राहू दे की अहवालात, कोण बघतंय, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. भीतीने मी पुन्हा अरेतुरेवर आले होते. तो रागावला नाही.

"त्या म्हातारीने अख्खी दुपार देऊन तुमचा एक फॉर्म भरला. तिच्या शेजारी हे ठेवू?"

अहवाल बारीक झाला. समितीने तो उलटून पाहिला आणि चहा घेतला. सत्र संपता संपता आदेश आला. कायमचे प्राध्यापक बदलून येत होते, याचं नाव गळलं.

मी रात्रभर तळमळले आणि सकाळी प्राचार्यांपुढे जाऊन गुन्हा कबूल केला. सर, अहवाल बारीक झाला तो माझ्या बावीस खोट्या फॉर्ममुळे, शिक्षा आमच्या सरांना नको. प्राचार्य म्हणाले, "माताजी, आदेश भोपालहून आलाय. तुमच्या फॉर्मचा काय संबंध?" खरं सांगू? सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी हिरमुसले. सगळी उलथापालथ माझ्यामुळेच होते, अशी माझी अजून समजूत होती.

त्याला डही नावाच्या लांबच्या गावी, तिथल्या कॉलेजात जागा मिळाली. मुलीचं नाव शाळेतून काढून बायको-मुलीला त्याने देवासला पाठवलं. पुढे डहीहूनही तो कुठं तरी गेला. जुना नंबर आता लागत नाही. मी पास झाले, दुसऱ्या वर्गात.

तो धारहून निघाला त्या दिवशी मी चिवड्याची पिशवी घेऊन बसस्टँडवर गेले. काय बोलायचं ते रिक्षात घोकत गेले होते. बस उभी होती. तो आत होता, खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेला. तोंड किंचित उघडं, मांडीवर पुस्तकांची पिशवी. वर्षभर त्याने आम्हां सगळ्यांकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं, त्याला असं निवांत बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. हाक मारली असती तर तो जागा झाला असता, आणि जागा होऊन माझंच ऐकत बसला असता.

मी हाक मारली नाही. बसमध्ये चढले, चिवड्याची पिशवी हळूच त्याच्या मांडीवर ठेवली. झोपेतच त्याने ती दोन्ही हातांनी धरली. मी खाली उतरले आणि बस हलली.