सावळी नाही, काळी म्हणा

“‘तिचं सावळीज धडधडलं.’ अहो, सावळीज म्हणजे काय?”

रेहाना मॅडमनी भर ऑफिसात मोठ्याने वाचून विचारलं आणि मी खुर्चीत गार पडलो.

बुधवार पेठेतल्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादक होतो. मॅडम शाळेत मराठी शिकवायच्या. आई पुण्याची, वडील सुदानहून इथे कॉलेजला आलेले. ही त्यांची पहिलीच कादंबरी. नायिकाही तशीच, आई इथली, वडील सुदानी, रंग चक्क काळा. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या ऊसवाल्याचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो. हस्तलिखित मी एका बैठकीत संपवलं होतं. काय लिहिलं होतं बाईंनी!

आमचे मालक, त्यांना सगळे काका म्हणायचे, मात्र अडून बसले. “प्रेमकथेची नायिका काळी? लायब्ररीवाले हात लावणार नाहीत. सावळी करा.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कॉम्प्युटरवर ‘रिप्लेस ऑल’ अशी सोय असते, एक शब्द दिला की तो पुस्तकभर बदलतो. ‘काळी’च्या जागी ‘सावळी’ टाकलं, बटण दाबलं. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी चुका शोधायची प्रत, मी न वाचताच मॅडमकडे धाडलं.

कॉम्प्युटरला कुठे मराठी येतंय! ‘काळीज’चं ‘सावळीज’ झालं. ‘सकाळी’चं ‘ससावळी’ झालं.

“माझा नायक रोज ससावळी फिरायला जातो,” मॅडम म्हणाल्या. “आणि नायिका मुलाकडच्यांना ठणकावते, ‘सावळी नाही, सावळी म्हणा.’ नक्की काय म्हणायचं हो त्यांनी? मी तिथे ‘काळी म्हणा’ लिहिलं होतं.”

काका केबिनमधून बाहेर आले. “मॅडम, चुका दुरुस्त होतील. पण रंग राहू द्या. आई गोरी, वडील काळे, म्हणजे मुलगी मधलीच ना?”

“मी चहा आहे का, दूध घातलं की उजळायला?”

“वाचकांना नायिका आवडायला नको?”

“नायकाला आवडलीय. वाचकांना थोडंच लग्न करायचंय?”

मला हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रूफ पिशवीत घातलं. “गोऱ्या नायिका मी लहानपणापासून वाचतेय. एक माझ्यासारखी हवी होती, म्हणून लिहिलं. ती काळी नसेल तर पुस्तकच नको मला.”

पहिलं पुस्तक, आणि बाई ते परत घेऊन निघाल्या! माझी मलाच लाज वाटली. मी उठलो.

“काका, चूक माझी आहे. काळीच ठेवूया.”

काकांनी कपाळ चोळलं. “ठेवा. खपलं नाही तर गठ्ठे तुमच्या घरी पाठवीन.”

या वेळी मी एकेक ‘सावळी’ हाताने शोधून ‘काळी’ केली. फार उत्साहात केली. दुसरं प्रूफ तपासून मॅडम आल्या तेव्हा त्यात एकाच शब्दाला लाल गोल होता. नायिकेची आई पाहुण्यांना सांगते, “मुलगी तशी काळी आहे.”

“इथे मी मुळातच सावळी लिहिलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “आई घाबरलेली असते ना.” मग म्हणाल्या, “माझी आईही असंच सांगायची. मी समोर बसलेली असताना.”

मी तो शब्द बदलला.

पुस्तकाची पुढे दुसरी आवृत्ती निघाली. नवीन संपादकांना मी एवढंच सांगतो, शब्द बदलण्याआधी तो कोणाच्या तोंडी आहे ते बघा.