एर्गशच्या नावाचा ओश

मरगिलानच्या त्या मोहल्ल्यात होलमत अकांना वाईट माणूस कुणी म्हणत नसे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फर्गानाची बस चालवली. धापा टाकत पळत येणाऱ्या बाईसाठी ते गाडी थांबवून धरायचे आणि ती चढली की उतरेपर्यंत तिला ऐकवायचे. मन मोठं, तोंड खराब, असा त्यांचा लौकिक होता.

शेजारच्या एर्गशशी मात्र त्यांचा कायमचा अबोला होता. एर्गशच्या जर्दाळूची एक फांदी अकांच्या अंगणात झुकली होती. अकांनी ती न विचारता, ऐन बहरात तोडली. एर्गश भिंतीपलीकडून एवढंच म्हणाला, "फळ तरी धरू द्यायचं होतंस." दोघं शाळेपासूनचे दोस्त. त्या दिवसानंतर साधा सलामही नाही.

एर्गश गेला तेव्हा अका गुडघा धरून घरात बसले. जनाजा त्यांनी फाटकाच्या फटीतून पाहिला. तिथे लग्नात आणि बरसीला ओशची, म्हणजे कढईतल्या पुलावाची, पंगत देतात.

"बरसीच्या ओशला जाईन," ते बायकोला म्हणाले. "त्याच्या मुलाचा हात धरून काय ते बोलेन."

मुलगा रशियात बांधकामावर होता. फोनवर 'येतो, येतो' करत राहिला. बरसीचा दिवस येऊन गेला. शेजारच्या फाटकाला कुलूप तसंच होतं.

त्याच सुमारास कॉलेजातल्या पोरांनी मोहल्ल्याचा मेळावा भरवायचं ठरवलं. पुढाकार मोहिराचा. पोस्टर तिनेच काढलं: फुगे, टरबुजं आणि मधोमध वाफाळती कढई.

"सोमसे ठेवू या," जसूर म्हणाला. "सोपं पडेल."

"सोमसे कोपऱ्यावर मिळतात, त्यासाठी कोण येणार? ओश म्हटलं की आजारी माणूस उठून येतो."

आचारी तोलिब अकांनी दुपारला नकार दिला. "दुपारी माझं लग्न आहे."

"या वयात, अका?"

"गप्प बस, कार्टे! लग्नाचं जेवण आहे. सकाळी नमाजनंतर देतो. हवं तर घ्या."

सकाळ तर सकाळ. पोस्टर मोबाइलवर फिरलं. ज्यांच्याकडे तसले फोन नव्हते, त्या म्हाताऱ्यांना सांगायचं काम जसूरकडे आलं. लग्नाच्या ओशची छापील पत्रिका येते. पोरगा दारात येऊन तोंडी सांगून जातो, तो ओश गेलेल्या माणसाचा. हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. जसूरलाही ठाऊक होतं, पण घाईत त्याच्या डोक्यात आलं नाही. सायकलवर बसल्या बसल्याच तो ओरडला, "आजोबा, उद्या सकाळी नमाजनंतर चायखान्यात ओश! नक्की या!"

कुणाचा, हे होलमत अकांनी विचारलं नाही.

"मुलगा आलेला दिसतोय," ते बायकोला म्हणाले.

"कुलूप तर आहे की," सबोहत खाला म्हणाली.

"उतरला असेल कुणाकडे. तू माझा चापान काढ."

सकाळी त्यांनी तो लांब अंगरखा चढवला आणि दुखवट्याला बांधतात तसा कमरेला रुमाल बांधला. रस्ताभर ते एकच वाक्य घोकत होते: फांदी मी तोडली, चुकलो हे तुझ्या बापाला सांगायचं राहिलं.

चायखान्याच्या दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला पोरं नव्या टोप्या घालून, छातीवर हात ठेवून रांगेत उभी होती. अकांनी मान खाली घातली, पहिल्या पोराचा हात दोन्ही हातांत घेतला. "अल्ला त्याला जन्नत देवो," असं म्हणून त्यांनी दुवेसाठी हात उचलले. वडीलधाऱ्याने हात उचलले की कशासाठी म्हणून विचारायचं नसतं. पोरांनीही उचलले. मागून आलेल्या म्हाताऱ्यांनी ते पाहिलं आणि त्यांनीही तेच केलं. आत कुणीतरी स्पीकर बंद केला. बघता बघता सगळा चायखाना फुग्यांखाली खाली मान घालून जेवू लागला.

"मेलंय कोण?" मोहिराने जसूरला कोपऱ्यात ओढलं.

"मला काय माहीत! मला वाटलं, तुला माहीत असेल."

तेवढ्यात अका त्यांच्यापाशी आले. "एर्गशचा मुलगा कुठाय? आत आहे का?"

मोहिराच्या ध्यानात सगळं आलं. तिने मेळाव्याचं सांगितलं, पोस्टर दाखवलं. अकांनी पहिल्यांदाच मान वर करून फुग्यांकडे पाहिलं.

"चुकलं आमचं, आजोबा. पण कढई अजून भरलेली आहे. एर्गश आजोबांचं नाव घेऊन सगळे दुवा करू. हा त्यांचाच ओश समजा."

"नाही, पोरी. कढई चढवताना त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. ते मागाहून चिकटवायचं नाही." त्यांनी कमरेचा रुमाल सोडला, घडी करून खिशात घातला. "लावा तुमचं गाणं. लोक उगाच घाबरत घाबरत खातायत."

ते घरी आले आणि छपराखाली पालथी पडलेली आपली मोठी कढई बघत उभे राहिले. त्यांच्या मुलाच्या लग्नात एर्गशने स्वतः ती राखेने घासली होती.

"आला होता का मुलगा?" सबोहत खालाने विचारलं.

"नाही. पोरांचा मेळावा होता." ते कढईवरची धूळ हाताने पुसत राहिले. "वर्षभर मी त्याच्या पोराची वाट बघत बसलो. कढई तर इथेच होती."

"मग आता चढवा की. येत्या गुरुवारी देऊ त्याच्या नावाने."

"देऊ," अका म्हणाले. "जनाजा मात्र फटीतूनच पाहिला मी."