चिठ्ठीवर मी ‘सरळ’ लिहिलं

तुम्ही कधी दुसऱ्या माणसाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजली आहे? मी मोजली आहे. आणि तिच्याबद्दल खोटं लिहिलं आहे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – माझा मित्र धर्मा, त्याला तर नाहीच, आणि नाडी त्याच्या आईची होती.

माझी पत्रकं तुमच्यापैकी काहींनी वाचली असतील. सांगलीत छापायची, कऱ्हाडच्या स्टँडवर वाटायची. समता हा शब्द नाही असं माझं एकही पान नाही. पण इस्लामपूरजवळच्या माझ्या स्वतःच्या गावात मी त्यातलं एकही वाटलं नाही. का? तिथं माझे वडील, दादा, होते. ऊस होता, मान होता, आणि मुलगा बौद्धवाड्यात जेवतो हे त्यांना माहीत नव्हतं.

जेवायचो ते धर्माकडे. त्याची आई हौसाबाई. वाड्यातल्या बाकीच्या बाया मला ‘आवं’ म्हणायच्या, ती एकटी ‘रं’ म्हणायची. तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात. धर्मा कुरकुरला की म्हणायची, “तू घरचाच हायस, कुटं पळून चाललायस?”

कॉलेजच्या सुट्टीत मी गावातल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचो. पुढच्या खोलीतल्या पेशंटना डॉक्टर स्वतः तपासत. बौद्धवाड्यातली माणसं मागच्या ओट्यावर बसत. त्यांची नाडी मी मोजायची, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, पुढं ठोके एकसारखे असले तर ‘सरळ’, नसले तर ‘वाकडी’, आणि चिठ्ठी खिडकीतून आत द्यायची. सरळ असली की गोळ्या त्याच खिडकीतून बाहेर येत. वाकडी असली तर डॉक्टरांना उठून मागं यावं लागे, हात लावावा लागे. असा नियम कुणी केला नव्हता. पद्धत होती. आणि मी – पत्रकं लिहिणारा – ती रोज चालवत होतो.

एका आठवड्यात पुढच्या खोलीत एक पेन्शनर सुभेदार आले. छातीत धडधड. डॉक्टरांनी त्यांचं मनगट माझ्या हातात दिलं, म्हणाले, बघ, अशी नाडी ओळखायला शीक. दोन ठोके घाईचे, मग एक गायब, मग चार. अशी सोडली तर हृदयात गुठळी धरते, मेंदूत जाते, असं त्यांनीच मला शिकवलं. तासाभरात सुभेदार जीपमधून सांगलीला गेले. कार्डिओग्राम झाला, औषधं सुरू झाली. अजून ते मळ्यात चालत जातात.

पुढच्या आठवड्यात ओट्यावर हौसाबाई आली. मी मनगट धरलं आणि – तीच नाडी. पुन्हा मोजली. तीच.

ती हसली. “सोड की रं हात. लोकं म्हंतील, पाटलाच्या पोरानं म्हातारी पळवली.”

बाया खिदळल्या. डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. त्याच सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, “बौद्धवाड्यात जेवतोस म्हणे तू. दादांना माहीत आहे का?” धमकी नव्हती. आवाज अगदी साधा होता. पण आता ‘वाकडी’ लिहिलं, त्यांना मागं यायला लावलं, तर ते चिडतील आणि दादांना सांगतील – एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी नव्वद लिहिलं. अंदाजानं. पुढं लिहिलं – सरळ.

गोळ्या पदरात बांधताना ती म्हणाली, “तू मोजलंस न्हवं? मग झालं तर.”

पंधरा दिवसांत तिचं उजवं अंग गेलं. वाचा गेली. धर्मा आणि मी तिला सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवली आणि विचारलं, आधी कुणी नाडी बघितली नव्हती का?

“बगितली की. ह्यानंच बगितली,” धर्मा म्हणाला. “सरळ हुती. व्हय न्हवं रं?”

मी मान डोलावली.

पहिलं खोटं घाबरून लिहिलं होतं. हे दुसरं? तेव्हा तर समोर डॉक्टर खरं ऐकायला तयार होते, मित्र होता, आणि खाटेवर ती – माझ्याकडेच बघत होती. वेळेवर नेलं असतं तर वाचा राहिली असती का, असं पुष्कळदा मनात येतं. तो प्रश्न माझ्या सोयीचा आहे – उत्तर ‘नसती’ही निघू शकतं. म्हणून मी तो विचारत नाही.

ती आहे अजून. मी गेलो की डाव्या हातानं ताट माझ्याकडे सरकवते. मी जेवतो.

हे छापून आल्यावर धर्मा वाचेल. त्यानं काय करावं हे मी सांगणार नाही. माफी मागत नाही.

तुम्हाला मात्र एक सांगतो. उद्या तुमच्या गावच्या दवाखान्यात जा. तुमचा नंबर पुढच्या खोलीत असेल, तरी मागं चक्कर मारा. तिथं कुणी बसलेलं दिसलं, तर त्यांच्या शेजारी बसा. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन त्यांचा हात हातात घेईपर्यंत उठू नका.