मनुबाईंच्या जेवणाची वेळ

माझ्या सासूबाईंना, मनुबाईंना, मी आत्या म्हणते. लग्न होऊन कुंडलला आले तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला तो चुलीपुढचा. पुरुषमाणसांच्या ताटात गार भाकरी पडता कामा नये. त्यांचं पोटभर झालं, ताटं उचलली, की मग आपलं बघायचं. मला हे पटायचं नाही, मी तोंडावर बोलायचे, आणि आत्या हसून पुढची भाकरी थापायच्या.

गेल्या वर्षी त्या वाळायला लागल्या. पोटात कळ यायची, शौचाला तेलकट व्हायचं, खाल्लेलं अंगी लागेना. हातातल्या पाटल्या कोपराकडे सरकू लागल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि स्वादुपिंड सुकत चाललंय म्हणून सांगितलं. पाचक रस तिथूनच येतो म्हणे. त्या रसातली एन्झाइम्स भाकरीचे, डाळीचे, तुपाचे इतके बारीक कण करतात की ते आतड्यातून रक्तात जातात. रसच आटला तर माणूस खातो, पण अन्न नुसतंच वाहून जातं. म्हणून तीच एन्झाइम्स कॅप्सूलमधून घ्यायची. रोज, जेवताना, न चुकता.

आत्यांनी एकदाही चुकवली नाही. मामा, म्हणजे माझे सासरे, आणि माझे दीर जयराज ताटावर बसले की त्या पदराला हात पुसून कॅप्सूल गिळायच्या. मी रोज डोळ्यांनी बघत होते. तरी वजन उतरतच राहिलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आत गाठ आहे का ते बघायला मोठी तपासणी करावी लागेल.

गाठ हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. आत्यांची थोरली बहीण पोटातल्या गाठीनेच गेली होती. मामा ओसरीवर बसून राहायचे, चहा पुढ्यात निवून जायचा. एका दुपारी आत्यांनी ट्रंक उघडली आणि कुठलं लुगडं कुणाला द्यायचं ते मला सांगायला लागल्या. मी ट्रंकेचं झाकण आपटून बंद केलं. मला त्यांचा राग आला नव्हता, भीती वाटली होती.

पुढच्या खेपेला वजन आणखी उतरलेलं. डॉक्टरांना संशय आला, औषध खरंच पोटात जातंय का? माझ्यासमोर घेतात, मी फटकन सांगितलं. तेव्हा त्यांनी आत्यांनाच विचारलं, कॅप्सूल घेतल्यावर पहिला घास कधी खाता?

"त्येंची जेवणं झाली, भांडी आवरली की. तवर आदनंमदनं एखादा तुकडा मोडती."

"अहो मावशी, गोळी जेवताना घ्या म्हटलं होतं ना?"

"व्हय. त्येंच्या जेवणालाच घेती की."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कॅप्सूल आणि अन्न आतड्यात बरोबर पोचायला हवं, तर काम होतं. इथे आत्यांचं जेवण येईपर्यंत कॅप्सूल पुढे निघून गेलेली असायची. येताजाता तुकडे मोडणं बंद, ते म्हणाले. नीट ताटावर बसायचं आणि पहिल्या घासाला गोळी. महिन्यानंतर वजन बघू. तरीही उतरलं, तर तपासणी टळणार नाही.

त्या संध्याकाळी मामांनी ताट पुढे ओढलंच नाही.

"आगं, बस," ते म्हणाले. "तू घास घेतल्याबगर मी अन्नाला शिवणार न्हाई."

आत्या बसल्या, पण परक्याच्या घरी बसावं तशा. मीठ आणायला उठल्या, पाणी द्यायला उठल्या. मी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं, आणि माझंही ताट घेऊन शेजारी बसले. कुणाला विचारलं नाही. मी वाढेन ते आत्या मान खाली घालून खायच्या. महिना कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. त्यांनी पोटावर हात ठेवला तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो.

सांगलीला आत्या काट्यावर चढल्या तेव्हा मामा दाराबाहेरच उभे राहिले. वजन वाढलं होतं. फार नाही, पण वाढलं होतं. तपासणीची आता घाई नाही, कॅप्सूल मात्र कायम, डॉक्टर म्हणाले. मी बाहेर येऊन मामांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून रडले.

मग त्यांनीच आम्हाला स्टँडजवळच्या खानावळीत नेलं. वाढप्याने किती भाकऱ्या टाकू विचारलं. मामांनी आपल्या सांगितल्या आणि आत्यांकडे बघून अडखळले. मला आकडा माहीत होता, पण मी मुद्दाम गप्प राहिले.

"किती खातीस गं तू?" मामांनी विचारलं.

आत्या हातात कॅप्सूल धरून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी आठवून बघितलं.

"उरतील तेवढ्या," त्या म्हणाल्या.