ओल्या धानाचे पुंजणे

पावसाने धान अधिक बुडतो, की पावसाच्या संशयाने? हा प्रश्न सोडवताना मला कुरखेड्याकडचे एक शेतकरी आठवतात. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी त्यांच्या गावी शाळामास्तर होतो आणि आमची घरे शेजारी होती. सारे त्यांना ‘भाऊ’ म्हणत. निरभ्र आकाशाकडे डोळे बारीक करून ते म्हणत, “साफ दिसून राह्यलं ना? म्हणूनच भरोसा नाई.”

वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज मी एकदा त्यांना वाचून दाखवला. “पेपर नागपूरचा, आभाळ आपलं,” ते म्हणाले. “त्याले काय माहीत?”

हा संशय निराधार नव्हता. कापलेला धान काही दिवस शेतातच पसरून वाळवतात. त्यास कडपा म्हणतात. आदल्या वर्षी कडप्यावरच पाऊस झाला आणि भाऊंच्या दाण्यांना जागीच मोड आले होते.

म्हणून त्या दिवाळीनंतर पूर्वेला ढग दिसताच त्यांनी ओलाच धान घरी आणून त्याचे पुंजणे, म्हणजे गंजी, रचले. वर्षाचे जेवण आणि पुढचे बियाणे, सारे त्यातच होते.

“वाळू तरी द्या जी,” त्यांची बायको म्हणाली.

“अन् मोड आले म्हणजे?”

“मग मलेही ठेवा पुंजण्यात. मीही भिजन पावसात!”

मी हसलो. भाऊ हसले नाहीत.

ढग विरला. शेजाऱ्यांचा कडपा खणखणीत वाळला. भाऊ त्या उन्हाकडेही रोखून पाहत राहिले. “फसवून राह्यलं,” ते म्हणत, आणि पुंजणे उघडू देत नसत.

मळणीच्या दिवशी आंबूस वास सुटला. भाऊंनी पुंजण्यात हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

“गुरुजी, याले ताप आला जी.”

कोंडलेल्या ओलीने आतला धान तापून काळवंडला होता. खाण्यापुरता तुकडा तांदूळ निघाला. पेरण्याजोगे काहीच उरले नाही. बायकोने टोमणा मारला नाही. “माहेरून बिजाई आणतो मी,” एवढेच म्हणाली.

“चांगली असन ना?” भाऊंनी विचारले.

पुढच्या हंगामात त्यांनी कडपा वाळू दिला. वाळेपर्यंत ते दिवसभर बांधावर बसत, ढगांच्या दिशेला पाठ करून. ते असेच माझ्या डोळ्यांपुढे राहिले आहेत. आता ते नाहीत.

माझा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. कापणीनंतर धानाच्या गावी गेलात, तर मालकाला विचारून ओल्या पुंजण्यात कोपरापर्यंत हात घाला आणि स्वतःच पडताळून पाहा.