सॅक, साडी आणि भिजलेले फॉर्म

माझा भाऊ बोटीवर कामाला होता. गोवा घटकराज्य झालं त्यानंतरच्या एका सुट्टीत त्याने माझ्यासाठी पाठीवर अडकवायची सॅक आणली. गडद निळी, दोन रुंद पट्ट्यांची, चार खणांची. "सायकलीन शाळेत जातंस, हात मोकळे रवतले," तो म्हणाला. "आणि हेच्यात पाणी शिरणा नाय."

मी तेव्हा पेडणे तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरापासून शाळा पाच किलोमीटर, वाटेत दोन चढ. शिक्षिकेने साडीच नेसायची असा रिवाज होता, आणि ज्याने ती सॅक शिवली त्याने साडी कधी पाहिलीच नसावी. डावा पट्टा नेमका पदराच्या पिनेवर यायचा. पहिल्या चढावर पिन खांद्यात रुतायची, दुसऱ्या चढावर पदर ओढला जायचा. शाळेत पोचून सॅक उतरवली की पाठीवर घामाचा हा एवढा चौकोन. फळ्याकडे वळले की मागची बाकं हसायची. मग मी भिंतीला पाठ लावून शिकवायला लागले.

"बाई, डोंगर चढायला निघालात की शाळेत?" हेडमास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "पोदेर बघ, पावाची टोपली मागे बांधून गावभर फिरता. तुका काय जाता?" म्हणून मी सॅक कॅरियरला बांधली. दुसऱ्याच दिवशी एक पट्टा सुटून चाकात गेला आणि मी भर रस्त्यात सायकल आडवी करून तासभर आऱ्यांतून तो सोडवत बसले. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देत होता. हात कोणी लावला नाही. सॅक परत पाठीवर आली. भावाच्या पत्रात दर वेळी एक ओळ असायची, सॅक कशी आहे? मी लिहायचे, छान आहे.

मग जनगणना आली आणि शिक्षकांना घरोघर पाठवलं. माझ्या वाट्याला इब्रामपूरकडच्या डोंगरावरची एक वाडी. खाली दुकानाजवळ सायकल ठेवायची आणि काजूंच्या बागांतून वर चढायचं. त्या चढणीवर पहिल्यांदा मला वाटलं, सॅक याच कामासाठी आहे. हात खरंच मोकळे होते. एका हाताने निऱ्या धरता येत होत्या, दुसऱ्याने झाडाचा आधार घेता येत होता.

फॉर्म दुमडायचे नाहीत आणि बॉलपेननेच भरायचे, असं आम्हाला बजावलं होतं. पण माझं अक्षर शाईच्या पेनानेच चांगलं यायचं, आणि हा हट्ट मी सोडला नाही. पहिल्या दिवशी अकरा घरं झाली. खाली उतरून सॅक उघडली तर पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल. सॅकमध्ये पाणी शिरत नाही हे भावाचं बोलणं खरं होतं. आत सांडलेलं बाहेरही जात नव्हतं. अकरा घरांची माणसं, त्यांची वयं, त्यांचं शिक्षण, सगळं एका निळ्या डबक्यात पोहत होतं. मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. रडू येत नव्हतं, फक्त सॅकला लाथ मारावीशी वाटत होती. शेवटी मारलीच. आतला डबा अंगठ्याला लागला.

दुसऱ्या दिवशी बॉलपेन आणि नवे फॉर्म घेऊन लंगडत पुन्हा वर गेले. "काल सांगलेला ना?" प्रत्येक घरात हेच. मी प्रत्येक घरात सॅकची गोष्ट सांगितली आणि प्रत्येक घर हसलं.

सहाव्या घरात आदल्या दिवशी म्हाताऱ्याने उत्तरं दिली होती. मातृभाषा विचारल्यावर त्याने आपली मराठी सांगितली आणि बायकोचीही मराठीच सांगितली. आता तो बागेत गेला होता. बायको ओट्यावर काजूची बोंडं पिळून बिया वेगळ्या करत होती.

"मातृभाषा दोघांचीही मराठीच लिहू ना?" मी घाईने विचारलं.

"तेंची मराठी लिही," ती म्हणाली. "ते पोथी वाचतत, शाळेत गेले. माजी कोंकणी."

"काल त्यांनी तुमचीही मराठी सांगितली होती."

"काल तू तेंका विचारलंस. माका खंय विचारलंस?" तिने चिकट हात फडक्याला पुसले. "माजी आवय माज्याकडे जां उलयताली, तां लिही."

मराठी की कोंकणी यावरून गोव्यात झालेली भांडणं तेव्हा ताजी होती. एका छपराखाली दोन भाषा लिहायच्या म्हणजे मला नवी कटकट. पण तिचं म्हणणं मला खोडता येईना. तिची आई तिच्याशी बोलायची ती कोंकणी मी लिहिली. तिने फॉर्मकडे वाकून पाहिलं, वाचता येत नसतानाही, आणि आपली ओळ कुठली ते विचारून घेतलं.

फॉर्म तपासणाऱ्या साहेबांचं बोट नेमकं तिथेच थांबलं.

"नवऱ्याची मराठी आणि बायकोची कोंकणी? बाई, तुमची चूक झालीय. दुरुस्त करा."

उन्हातून दोनदा डोंगर चढलेली, अंगठा सुजलेली मी, एरवी साहेबांपुढे मान खाली घालणारी, म्हणाले, "चूक पहिल्या दिवशी झाली होती. ही दुरुस्तीच आहे. ज्याचं त्याला विचारा असं प्रशिक्षणात तुम्हीच शिकवलंत. मी तिसऱ्यांदा वर जाणार नाही. तुम्हाला खात्री करायची असेल तर वाट दाखवते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. त्यांनी त्या पानावर सही केली आणि पुढचा फॉर्म ओढला.